टेबलावरचं असल उत्तर : छोट्या मिनिएचरमधून रणगाड्यांची मोठी लढाई कशी मांडायची

रणगाड्यांची मोठी लढाई टेबलावर मांडायची, म्हणजे छोटी मॉडेलं आणि फासे घेऊन ती खेळायची म्हटलं की नवखा माणूस आधी रणगाडे मोजायला लागतो. किती घ्यायचे, कुठून आणायचे, रंगवायला किती दिवस लागतील. माझं म्हणणं असं, की सुरुवात जमिनीपासून करा. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणजवळ, असल उत्तर गावाच्या शिवारात पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची जी दैना झाली, तिच्यात चिखलाने भरलेली शेतं, माणसापेक्षा उंच ऊस आणि त्या उसाआड दबा धरून बसलेल्या तोफा यांचा वाटा फार मोठा होता. तुमच्या टेबलावर तो ऊस नसेल, ती ओल नसेल, तर शंभर रणगाडे मांडूनही असल उत्तर होणार नाही.

नागपुरात बसून हे सगळं कसं जमवायचं, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण असल उत्तरचंच घेऊ. ते आपलं आहे, त्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं, आणि पहिल्या डावाला लागणारं सैन्य आवाक्यातलं आहे.

पायरी १ : लढाई नीट समजून घ्या

थोडक्यात प्रसंग असा. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन खेमकरण घेऊन भिखीविंडच्या दिशेने मुसंडी मारायला निघाली होती. समोर मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची ४ माउंटन डिव्हिजन आणि ब्रिगेडियर थिओगराज यांची २ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड. या ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट: ३ कॅव्हलरीकडे सेंच्युरियन रणगाडे, डेक्कन हॉर्सकडे शर्मन रणगाडे आणि ८ कॅव्हलरीकडे एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे. आपल्या सैन्याने असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली, कालव्याचं पाणी सोडून शेतं भिजवली आणि वाट पाहिली. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत लढाईचा निकाल लागला. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (झाडताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने एकामागून एक पॅटन टिपले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आकडे वाचताना सावध राहा. पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले, हा आपल्या बाजूचा आकडा आहे, पाकिस्तानी लेखक तो बराच कमी सांगतात. दुसऱ्या महायुद्धातल्या, जर्मन आणि सोव्हिएत रणगाड्यांच्या प्रोखोरोव्हकाच्या लढाईचंही तेच. १२ जुलै १९४३ ला तिथे दीड हजार रणगाडे भिडले असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, पुढे दोन्ही बाजूंची कागदपत्रं अभ्यासकांच्या हाती आली तेव्हा तो आकडा बराच खाली आला. म्हणून मांडणीसाठी शत्रूने मोजलेलं सैन्य घेऊ नका, त्या त्या सैन्याची स्वतःची रचना घ्या. भारतीय आर्मर्ड रेजिमेंटचा हिशेब सरळ आहे: तीन रणगाड्यांचा एक ट्रूप, चार ट्रूप आणि मुख्यालयाचे दोन रणगाडे मिळून १४ चं स्क्वाड्रन, अशी तीन स्क्वाड्रन आणि रेजिमेंटच्या मुख्यालयाचे तीन, असे ४५.

नकाशासाठी युद्धइतिहासाच्या पुस्तकांतले रेखानकाशे आणि उपग्रहाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा. खेमकरण ते भिखीविंड हा रस्ता धरला की चीमा, असल उत्तर ही गावं सापडतात. आजच्या नकाशातली नवी वस्ती आणि नवे रस्ते मात्र वजा करा. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे आपल्या भागात निवृत्त फौजी मंडळी बरीच आहेत. कुणी ओळखीचं असेल तर तुमचा कच्चा नकाशा जरूर दाखवा. 'इथून दिसेल का?' हा एक प्रश्न विचारला, तरी जमीन वाचायची कशी हे तासाभरात कळतं.

पायरी २ : प्रमाण ठरवा, दोन्ही

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा. प्रमाणं दोन असतात. एक मॉडेलचं, दुसरं जमिनीचं.

सेंच्युरियनची तोफ सोडून नुसती बॉडी सुमारे ७.६ मीटर लांब. १/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी केली, तर ती साडेदहा सेंटिमीटर होते, १/१०० मध्ये साडेसात, १/२८५ मध्ये २.७ आणि १/६०० मध्ये जेमतेम सव्वा सेंटिमीटर. आता एक किलोमीटरचा पल्ला घ्या. १/७२ च्या हिशेबाने तो जवळजवळ १४ मीटर भरतो, म्हणजे समोरासमोरचे रणगाडे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे लागतील. १/२८५ मध्येही तो साडेतीन मीटर होतोच. म्हणून जमिनीचं प्रमाण वेगळं ठरवतात. रणगाडा लहान करायचा तो जमिनीला जागा मिळावी म्हणून.

मी नवख्यांना १/२८५ किंवा त्याच्याच जवळचं १/३००, म्हणजे ज्याला सगळे ६ मिलिमीटर म्हणतात (माणूस साधारण तेवढा उंच होतो म्हणून) ते, सुचवतो. जमिनीसाठी १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर, आणि एक मॉडेल म्हणजे एक ट्रूप. हे जुळतं कसं पाहा: मॉडेल ज्यावर चिकटवायचं तो ३ सेंटिमीटरचा चौकोनी बेस जमिनीवर १५० मीटर व्यापतो, आणि तीन रणगाड्यांचा ट्रूप पसरून उभा राहिला की साधारण तेवढीच जागा घेतो. म्हणजे टेबलावर दोन बेसमध्ये जी फट दिसते, ती खरीच फट असते आणि तिच्यातून शत्रू खरोखर घुसू शकतो. १८० बाय १२० सेंटिमीटरच्या टेबलावर ९ किलोमीटर बाय ६ किलोमीटरचा मुलूख बसतो. सोसायटीच्या हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल मिळालं तर बघायलाच नको, ते २७४ बाय १५२ असतं.

पायरी ३ : सैन्य जमवा

पहिल्या डावाला अख्खी ब्रिगेड नको. सेंच्युरियनचं एक स्क्वाड्रन म्हणजे ५ बेस (चार ट्रूप आणि मुख्यालय), शर्मनचं एक म्हणजे आणखी ५, रिकॉइललेस तोफांच्या जीपचे २. समोर पॅटनची एक रेजिमेंट, १५ बेस. एवढ्यात एक संध्याकाळ भरगच्च जाते.

मॉडेल मिळवायचे तीन मार्ग. परदेशातून धातूची मॉडेलं मागवता येतात. ती सुबक असतात, पण टपाल आणि सीमाशुल्क धरून महाग पडतात. दुसरा मार्ग थ्रीडी प्रिंटिंगचा. शहरात रेझिन प्रिंटर असलेली कॉलेजची पोरं किंवा प्रिंट करून देणारे व्यावसायिक सापडतात. तुमच्याकडची फाइल १/१०० ची असेल तर ३५ टक्क्यांवर छापायला सांगा, १/२८५ मिळेल. मात्र त्यात तोफेची नळी अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि हात लागताच तुटते. छापण्याआधी तेवढी नळी जाड करून घ्या, ०.८ मिलिमीटर पुरे. आणि ही छापील मॉडेलं उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, नळ्या केळीच्या पानासारख्या लवतात.

तिसरा मार्ग कागदाचा, आणि सुरुवातीला तोच घ्या. जाड पुठ्ठ्याचे ३ सेंटिमीटरचे चौकोन कापा, वर रणगाड्याचं नाव आणि बाण काढा, पहिले दोन-तीन डाव त्यावरच खेळा. नियम आवडले, लढाई आवडली, मग खर्च करा.

पायरी ४ : रंग

यावर फार वेळ घालवणार नाही, कारण २.७ सेंटिमीटरच्या रणगाड्यावर डोळ्याला तीनच गोष्टी दिसतात: आकार, रंगाचा मूळ सूर आणि कडा. खऱ्या रणगाड्याचा गडद ऑलिव्ह हिरवा जसाच्या तसा लावला तर मॉडेल टेबलावर काळपट ठिपक्यासारखं दिसतं. त्यात थोडा पिवळसर मातकट रंग मिसळून उजळ करा. वाळला की पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवा, तो खाचांत उतरतो. मग ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून फिकट रंगाने फक्त कडांवरून न्या. शेवटी चाकांपासून बॉडीच्या मध्यापर्यंत चिखल. सप्टेंबरातल्या पंजाबात भिजवलेल्या शेतांतून गेलेला रणगाडा स्वच्छ राहत नाही, आणि हा चिखलच तुमचं सैन्य असल उत्तरचं आहे हे सांगतो.

दोन्ही बाजू आकारानेही ओळखू याव्यात. सेंच्युरियनच्या बाजूंना चाकं झाकणाऱ्या लांब पत्र्या असतात आणि बॉडी पेटीसारखी सरळ. पॅटनचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, गोलसर ओतीव, चाकं उघडी. हा फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम एकदा करा. तिथे रणगाड्यांभोवती फिरून पाहिलं की मॉडेलवर नेमकं काय उठावाचं हवं ते हाताला कळतं.

आता नागपूरच्या हवेबद्दल. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारू नका. पारा ४५ च्या आसपास असताना रंगाचा थेंब मॉडेलवर पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग काचपेपरसारखा खरखरीत होतो. सकाळी आठच्या आत उरकून घ्या. पावसाळ्यात उलट त्रास, दमट हवेत वार्निशवर पांढुरकी साय धरते, तेव्हा उघडीप पाहूनच मारा. उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग ताटलीत पाच मिनिटांत सुकतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या, दोन तास टिकतो.

पायरी ५ : जमीन

इथे मनसोक्त वेळ द्या. माझ्या लेखी या छंदातला सगळ्यात सुखाचा भाग हाच.

८ बाय ४ फुटांचा पातळ प्लायवूड किंवा एमडीएफ घेऊन त्याचे २ बाय ४ फुटांचे तीन तुकडे कापून घ्या, दुकानदार तिथेच कापून देतो. जोडले की ६ बाय ४ फुटांचं रणांगण, काढले की कपाटामागे उभे राहतात. उरलेला तुकडा गावं आणि बेससाठी. लकडगंजमध्ये आरा मशीनवाल्यांकडे लाकडाचा भुसा पोत्याने पडलेला असतो. तो आणा, पिठाच्या चाळणीने चाळा. बारीक भुसा गवत आणि पिकांसाठी, जाडसर भुसा झुडपांसाठी. पाण्यात पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगात कालवून वर्तमानपत्रावर पसरा. दोन हिरवे आणि एक पिवळसर असे तीन रंग करा, एकाच हिरव्या रंगाची जमीन कॅरम बोर्डाइतकी खोटी दिसते. पसरवताना कूलर बंद ठेवा, नाहीतर अर्ध पंजाब भिंतीवर जाईल. बोर्डावर फेव्हिकॉल आणि पाणी निम्मेनिम करून ब्रशने लावा, भुसा भुरभुरा, वाळल्यावर झटका.

आता ऊस. काथ्याचं पायपुसणं आणा, ज्याचे तंतू साधारण एक सेंटिमीटर उभे असतात ते. पावणेतीन-तीन मीटरचा ऊस १/२८५ मध्ये बरोबर एवढाच भरतो. पायपुसणं उलटं करा आणि मागच्या रबरी बाजूने धारदार कटरने ४ बाय ६ सेंटिमीटरचे तुकडे कापा. वरून कापलं तर तंतू चेंगरतात आणि कडा विस्कटते. कापल्यावर चारही कडांना पातळ फेव्हिकॉलचं बोट फिरवा, म्हणजे तंतू गळत नाहीत. मग फिकट हिरव्या रंगाचा कोरडा ब्रश फक्त शेंड्यांवरून. मुळाशी काथ्याचा मूळ तपकिरी रंग तसाच राहू द्या, उसाच्या खालच्या पाचटासारखा तो आपोआप दिसतो. असे पंचवीस-तीस तुकडे करा आणि त्यांच्यात हेतुपुरस्सर गल्ल्या सोडा. रणगाडे त्या गल्ल्यांतूनच येणार आहेत.

रस्त्यासाठी पॉलिश पेपरची बोटभर पट्टी. कालव्यासाठी पातळ एमडीएफवर तपकिरी-हिरवा रंग आणि वर चकचकीत वार्निशचे दोन हात. निळा रंग देऊ नका, पंजाबातला कालवा गढूळ असतो. गाव म्हणजे ६ सेंटिमीटरच्या बेसवर मातीची चार-पाच घरं आणि एखादं झाड. एवढं मांडलं की ते अख्खं गाव, घरं मोजायची नाहीत.

ओल टेबलावर आधी दाखवायची नाही. तिसऱ्या माणसाला पंच करा. त्याच्याकडच्या कागदी नकाशावर भिजलेली शेतं आखलेली असतील आणि ती फक्त त्याला आणि भारतीय बाजूला ठाऊक असतील. पॅटन त्या शेतात शिरला की पंच तिथे वार्निश लावलेला चकचकीत तुकडा ठेवतो. पाकिस्तानी बाजू खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं, ते कोणत्याही तयार नियमपुस्तकातून मिळत नाही.

पायरी ६ : नियम

बाजारात नियमांचे बरेच संच आहेत, पुढे जरूर वाचा. पहिल्या डावाला हे घरगुती नियम पुरतात. साधे सहा बाजूंचे फासे लागतील, वीसेक घ्या.

एक फेरी म्हणजे साधारण २० मिनिटांचं युद्ध. रणगाडा एका फेरीत २० सेंटिमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर. हे कमी वाटेल, पण लढाईत तुकडी थांबते, पाहते, आदेशाची वाट बघते. उसातून १० सेंटिमीटर. ओल्या शेतात ५, आणि शिरताना फासा टाका, १ किंवा २ पडले तर रुतला.

नजर: उसातल्या बेसला कडेपासून २ सेंटिमीटरच्या आत असेल तरच बाहेरचं दिसतं. बाहेरच्याला तो ४ सेंटिमीटरपलीकडून दिसत नाही, जोवर तो गोळा झाडत नाही. झाडला की त्याच्याजवळ कापसाचा बोळा ठेवा, आता तो सगळ्यांना दिसतो. रिकॉइललेस तोफेच्या मागून आगीचा आणि धुळीचा लोट निघतो, त्यामुळे तिची जागा लगेच उघडी पडते. म्हणून तिच्या जीपला गोळा झाडल्यावर ५ सेंटिमीटर हलायची मुभा द्या. अब्दुल हमीद यांनीही जागा बदलत मारा केला होता.

मारा: प्रत्येक बेसला दोन फासे, हलला असेल तर एक. १० सेंटिमीटरच्या आत ३ किंवा जास्त पडलं की नेम लागला, २० पर्यंत ४, ३० पर्यंत ५. लक्ष्य आडोशाला असेल तर एक आकडा जास्त हवा. नेम लागला की समोरचा वाचायला फासा टाकतो: सेंच्युरियन आणि पॅटन ४ किंवा जास्त पडलं तर वाचतात, शर्मन ५ किंवा जास्त पडलं तर, एएमएक्स आणि जीप फक्त ६ पडलं तर. बाजूने किंवा मागून लागलं तर वाचणं एका आकड्याने अवघड. एकदा न वाचला तर बेस दबला, पुढे सरकू शकत नाही. दुसऱ्यांदा न वाचला तर बाद.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा नियम आदेशाचा. डाव सुरू होण्याआधी प्रत्येक स्क्वाड्रनसाठी चिठ्ठीवर आदेश लिहा: कुठल्या रस्त्याने, कुठवर, आणि तिथे पोचून काय. आदेश बदलायचा तर फेरीच्या सुरुवातीला फासा टाका, ५ किंवा ६ आलं तरच बदलतो. खेळाडूला वरून सगळं टेबल दिसतं, पण धुरळ्यातल्या स्क्वाड्रन कमांडरला ते दिसत नसतं. हा नियम गाळला तर लढाई बुद्धिबळ होते. आणि एखाद्या रेजिमेंटचे निम्मे बेस गेले की दर फेरीला फासा: ४ च्या खाली पडलं की ती माघार घेते. लढाया शेवटच्या रणगाड्यापर्यंत चालत नाहीत.

पायरी ७ : डाव

टेबलाच्या दक्षिणेकडून, खेमकरणच्या बाजूने, पॅटन. मधून रस्ता, उत्तरेला असल उत्तर. भारतीय बाजू आपले बेस टेबलावर ठेवत नाही, त्यांच्या जागा पंचाच्या नकाशावर लिहून देते आणि गोळा झाडला की मगच ठेवते. सोबत कोरे कागदी तुकडेही मांडा, काही खऱ्या जागांवर, काही फसवे. पाकिस्तानी बाजूचं ध्येय: १२ फेऱ्यांत ५ बेस उत्तरेच्या कडेवरून बाहेर काढणं.

भारतीय बाजू खेळणाऱ्याला एकच सांगणं: लवकर गोळा झाडू नका. ३० सेंटिमीटरवरून समोरून मारलेला गोळा फारसं काही करत नाही आणि जागा मात्र दाखवून देतो. पॅटन १० सेंटिमीटरच्या आत येऊन बाजू दाखवेपर्यंत थांबा. हे ऐकायला सोपं आहे, पण समोरून पंधरा बेस सरकत येताना तीन फेऱ्या हात बांधून बसणं किती जड जातं ते खेळूनच कळेल. पाकिस्तानी बाजूला सल्ला असा, की एक स्क्वाड्रन मागे राखून ठेवा आणि ओल्या जमिनीचा अंदाज येईपर्यंत सगळे एका बाजूने घुसवू नका.

दोन-तीन डाव झाले की बाजू बदला. मग ८ कॅव्हलरीचे एएमएक्स आणा, पाकिस्तानी तोफखाना आणा, रात्रीची फेरी ठेवा.

त्यानंतर फिल्लोरा घ्या. त्याच सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स, हॉडसन्स हॉर्स आणि १६ कॅव्हलरी तिथे लढल्या. पूना हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुढच्या चाविंडाच्या लढाईत १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले, त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. इथे चढाई आपली आहे, त्यामुळे आदेशाच्या चिठ्ठ्या नीट लिहिण्याची कसोटी लागते. आणि मग डिसेंबर १९७१ चं बसंतर: सुरुंगांचा पट्टा, त्यातून काढलेली अरुंद वाट, आणि वाट पूर्ण साफ व्हायच्या आत पलीकडे गेलेले पूना हॉर्सचे सेंच्युरियन. त्यासाठी उसाचे तुकडे डब्यात ठेवा आणि सुरुंगांच्या पट्ट्यासाठी १० सेंटिमीटर रुंद, टेबलभर लांब कापड कापायला घ्या.